संगणकाचे दुभाषी : जुने आणि नवे

संगणकाकडून काम करून घेण्याच्या दोन रीति आहेत. पडद्यावरील चित्राला स्पर्श करणें ही एक. आणि आज्ञा अक्षरांनीं लिहून देणें ही दुसरी. पहिली घरोघरीं परिचित आहे. दुसरी तिच्याहून जुनी. परंतु मोठमोठे संगणक सांभाळणारी मंडळी आजहि तिचाच आश्रय करतात. लिहिलेली आज्ञा वाचून, तिचा अर्थ लावून, ती पार पाडून घेणारा जो प्रोग्राम, त्यास ‘शेल’ म्हणतात. आपण त्यास दुभाषी म्हणूं.

या दुभाष्यांचा एक वंशच आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ‘युनिक्स’ जन्मास आलें. त्याचा पहिला दुभाषी केन थॉम्पसन यांनीं १९७१ सालीं रचला. स्टीफन बोर्न यांचा दुभाषी १९७९ सालीं बाहेर पडला. १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांचा ‘बॅश’ आला, आणि १९९० सालीं ‘झी-शेल’. मागील आज्ञा स्मरणांत ठेवणें, अर्धवट लिहिलेलें नांव पुरें करणें, अशा सोयी नव्यांत पुष्कळ आहेत. परंतु महत्त्वाचा भेद आहे तो अर्थ लावण्यांत.

समजा, ‘जुना हिशेब’ या नांवाची फाईल आपणांस पुसून टाकावयाची आहे, आणि तिच्या शेजारींच चालू वर्षाची ‘हिशेब’ नांवाची फाईल आहे. बीजगणितांत ‘क्ष’ मानतात, तसें पहिलीचें नांव ‘क्ष’मध्यें सांठवून आपण ‘क्ष पुसून टाक’ अशी आज्ञा दिली. बोर्नचा दुभाषी किंवा बॅश यांच्या दृष्टीनें मधली मोकळी जागा म्हणजे कुंपण. ते एका नांवाचीं दोन नांवें करतात. ‘जुना’ नांवाची फाईल नाहीं, अशी तक्रार येते; आणि ‘हिशेब’ मात्र निमूटपणें नाहींशी होते! ‘क्ष’ अवतरणचिन्हांत घातला म्हणजे हा अनर्थ टळतो. झी-शेल मूळचाच सावध. तो ‘क्ष’चे तुकडे पाडीत नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं आणलेला ‘पॉवरशेल’ याहून पुढें गेला. जुने दुभाषी एका प्रोग्रामचें उत्तर दुसऱ्यास केवळ अक्षरांच्या रूपानें देतात. हा ती वस्तूच, नांव, आकार व तारीख यांसह, सबंध हातीं देतो.

मग जुने दुभाषी मोडींत कां काढीत नाहींत? कारण, रोजच्या कामाच्या आज्ञा ओळीनें लिहून ठेवतात, आणि अशीं आज्ञापत्रें जुन्या दुभाष्यांच्या भरंवशावर चालत आलेलीं आहेत. तीन नांवें एकाच ‘क्ष’मध्यें ठेवलीं, तर त्यांचे तीन भाग पडणारच, असें तीं गृहीत धरतात. झी-शेल त्यांस एकच लांबलचक नांव समजतो, आणि काम अडतें. ‘उबुंटू’ या संगणकप्रणालीनें २००६ सालीं सामान्य आज्ञापत्रें वाचण्याचें काम बॅशकडून काढून ‘डॅश’ या अधिक चपळ दुभाष्याकडे सोंपविलें, तेव्हां बॅशच्या खास लकबींवर विसंबलेलीं कित्येक आज्ञापत्रें बंद पडलीं.

म्हणून आज्ञापत्राच्या पहिल्याच ओळींत, तें कोणत्या दुभाष्यानें वाचावें, हें लिहिण्याचा प्रघात आहे. आपल्या घरांत कोणी ही विद्या शिकत असेल, तर त्यानें ती ओळ कधीं गाळूं नये. आणि ‘क्ष पुसून टाक’ म्हणण्यापूर्वीं ‘क्ष’ची नुसती यादी मागवावी. यादींत भलतेंच नांव दिसलें, तरी हिशेब अद्याप शाबूत असतो.