उन्हाळ्यात कारखान्यातला माठ : घरच्या शरबताचा हिशोब

उन्हाळा लागला की आमच्या कापडाच्या धंद्यात दोन खर्च वाढतात. एक विजेचा, दुसरा ‘थंड्या’चा. गिऱ्हाईक गादीवर टेकले की पोऱ्याला बाटल्या आणायला पिटाळायचे, ही बाजाराची जुनी रीत. पण ज्याच्या हातून कापड उतरते तो मागावरचा कारीगर कोमट पाण्यावर पाळी काढतो. आमच्या मते हा हिशोब उलटा आहे.

मालेगावात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. भिवंडीत पारा कमी, पण दमट हवेत घाम वाळत नाही. त्यातच सूत तुटू नये म्हणून कारखान्यात हवेची ओल राखावी लागते. घामाबरोबर अंगातले मीठही जाते आणि नुसत्या पाण्याने ते भरून निघत नाही. मग पोटऱ्यांत गोळे येतात, हातपाय गळतात, चक्कर येते. मजुरी कापडाच्या मापावर असते. माग थांबला की कारीगराची मजुरी बुडते आणि मालकाचा माल लांबतो.

बाटलीतल्या थंड्याने ही उणीव भरत नाही. २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते, मीठ नावालाच. त्यापेक्षा घरच्या चार वस्तू बऱ्या.

ताक : वीस माणसांसाठी दोन किलो दही, आठ लिटर पाणी, चवीपुरते मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. प्रत्येकाला दोन-दोन पेले पुरतात. सकाळी घुसळलेले ताक दुपारपर्यंत संपवावे.

पन्हे : एक किलो कैऱ्या उकडून गर काढावा. गर गरम असतानाच त्यात दीडपट गूळ, मीठ आणि थोडी वेलची घालावी. पिताना एक भाग गराला चार भाग पाणी. गर फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो.

सत्तू : आपल्या विणकरांपैकी अनेकांचे वाडवडील उत्तर प्रदेशातून आले, त्यांना ही चीज सांगायला नको. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ दोन मोठे चमचे घेऊन आधी थोड्या पाण्यात कालवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग पेलाभर पाणी, मीठ, लिंबू आणि जिरे. तहान भागते आणि पोटालाही आधार होतो.

लिंबू-पाणी : एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जुलाबावर डॉक्टर घरच्या घरी करायला सांगतात तेच हे प्रमाण. वर लिंबू पिळावे. मीठ याहून जास्त नको.

गिऱ्हाइकासाठी भिजवलेला सब्जा घातलेले गुलाबाचे किंवा कोकमाचे शरबत ठेवावे. बाटलीपेक्षा त्याचीच आठवण जास्त राहते. मधुमेह असणाऱ्यांना गोड शरबताऐवजी ताक द्यावे. रक्तदाबाचा त्रास असेल तर मिठाबाबत डॉक्टरांना विचारावे.

बर्फाबाबत सावध राहावे. कारखान्यातली लादी बहुधा माल थंड ठेवण्यासाठी असते, पिण्यासाठी नव्हे. म्हणूनच २०१८ साली महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम लागू झाला. निळसर बर्फ शरबतात मुळीच घालू नये. त्यापेक्षा मातीचा माठ सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवून भोवती ओले सुती फडके गुंडाळावे. कारखान्यात माठावर झाकण हवेच, नाहीतर सुताची फुसी पाण्यात पडते. पेला बुडवू नये, लांब दांड्याचा ओगराळा ठेवावा.

एखाद्याचे अंग तापून तो बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर शरबत पाजत बसू नये. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

व्यापारी बंधूंनी महिन्याचे बाटल्यांचे बिल आणि दही, कैरी, लिंबांचे बिल शेजारी मांडून पाहावे. त्यात उन्हापायी बंद पडलेल्या मागांचे तासही धरावेत. मग माठ कोठे ठेवायचा हे कोणी सांगावे लागणार नाही.