उपचार-समुदाय म्हणजे काय?

धार व देवास ही पवारांची संस्थाने ज्या माळव्यात वसली, त्या प्रांताची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला रवाना होत असे आणि तिच्या महसुलाचा दरबारांना मोठा आधार असे. त्यामुळे अमलाची ओळख तेथील मराठी घराण्यांना ग्रंथांतून करून घ्यावी लागली नाही. तरीही ‘उपचार-समुदाय’ (व्यसनी माणसांनी एकत्र राहून परस्परांच्या साह्याने सावरण्याची निवासी पद्धती) असे म्हणताच पुष्कळांच्या नजरेपुढे कुलूप आणि पहारेकरी उभे राहतात. हा समज अगदीच निराधार नव्हे, परंतु मूळ कल्पना निराळी आहे.

दुधाचे दही व्हावयास आधीच्या दह्याचे विरजण लागते. तद्वत येथे नवागताला वळण लागते ते प्रामुख्याने त्याच वाटेने येऊन सावरलेल्यांच्या सहवासाने, आणि झाडलोट, स्वयंपाक व सभेतील स्पष्ट बोलणे हाच औषधोपचाराइतका महत्त्वाचा भाग ठरतो. शरीरातील अंमल उतरणे ही केवळ सुरुवात.

१९५८ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिक या माजी मद्यासक्ताने ‘सिनॅनॉन’ हे या पद्धतीचे आद्य केंद्र स्थापिले. पुढे ते हुकूमशाही पंथात परिणत झाले, हेही नमूद केले पाहिजे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे उभारलेले ‘मुक्तांगण’ काटेकोर अर्थाने या परंपरेतले नसले, तरी तेथेही व्यसनमुक्त झालेले रुग्णमित्रच पुढे कार्यकर्ते म्हणून काम पाहतात.