कोंबडीचा घास आणि ढेपेचे मोल

जळगाव-धुळ्याच्या माणसाला ढेप म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कपाशीचा हा मुलूख. सरकीचे तेल काढले की मागे उरते ती ढेप, आणि ती गाईम्हशींच्या गव्हाणीत जाते. हीच ढेप कोंबड्यांस का घालू नये, असे कोणी विचारले तर प्रश्न वावगा नाही. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नवापूरच्या कुक्कुटपालनाचे नाव २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूमुळे देशभर झाले. पण साथ ही कधीमधी येणारी आपत्ती, खाद्याचा खर्च मात्र रोजचा. अंड्याच्या उत्पादनखर्चातील शंभरापैकी साठ-सत्तर रुपये खाद्यावरच जातात. तेव्हा पोत्यातल्या मालाचे खरे मोल कसे ठरवावे, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रयोगशाळेत ढेपेचा नमुना दिला की उत्तर येते, ‘प्रथिने शेकडा इतकी’. पण हे प्रथिन कोणी प्रत्यक्ष मोजलेले नसते. कोपनहेगनच्या केल्डाल या शास्त्रज्ञाने १८८३ साली नत्र मोजण्याची रीत काढली. प्रथिनात नत्र शेकडा १६ च्या सुमारास असते, म्हणून सापडलेल्या नत्राला ६.२५ ने गुणावयाचे, आणि येणाऱ्या आकड्याला प्रथिन म्हणावयाचे. हिशेब सोपा, आणि म्हणूनच फसवा. शेतात टाकावयाच्या युरियात नत्र शेकडा ४६ असते. ९९ किलो पेंडीत एक किलो युरिया मिसळला तर त्या एका किलोपोटी कागदावर जवळजवळ २.९ किलो प्रथिन दिसते! गाईच्या पोटातील जंतू मर्यादेत असलेल्या युरियाचे प्रथिन करू शकतात. कोंबडीला ते साधत नाही. म्हणजे कोंबडीवाल्याने पैसे मोजले प्रथिनाचे, आणि पदरात पडले खत.

बरे, माल निर्भेळ आहे असे धरू. तरी प्रथिन म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. ती अनेक अमिनो आम्लांची माळ आहे, आणि त्यांतील एक कमी पडले की बाकीची असून उपयोग थोडा. धान्याच्या खाद्यात लायसीन हे हटकून कमी पडणारे आम्ल. सोयाबीनच्या प्रथिनात ते शेकडा सहाच्या आसपास, सरकीच्या प्रथिनात चार, तर भुईमुगाच्या प्रथिनात साडेतीनच्या घरात भरते. भुईमुगाची पेंड आणि सोयाबीनची पेंड प्रथिनाच्या आकड्यात शेजारी-शेजारी बसतात. कोंबडीच्या पोटात ती बरोबरी टिकत नाही.

आता सरकीकडे वळू. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. गाईच्या पोटात त्याचा जोर बराच ओसरतो. कोंबडीच्या पोटात नाही. अंड्यावरच्या कोंबडीने ते खाल्ले की बलकातील लोहाशी त्याचा संयोग होतो आणि अंडी काही दिवस ठेवली की बलक हिरवट-काळपट दिसू लागतो. असे अंडे गिऱ्हाईक परत आणून आदळणारच. उपाय म्हणून सरकीला चांगली उष्णता दिली तर गॉसिपॉल बांधले जाऊन निरुपद्रवी होते खरे. परंतु ते ज्याला बांधले जाते ते बहुधा लायसीनच असते! विष गेले, आणि त्याबरोबर आधीच थोडे असलेले अन्नही गेले. केल्डालच्या रीतीला यातले काहीच कळत नाही, कारण नत्र होते तितकेच राहते. सोयाबीनचीही तीच गत: कच्चे ठेवले तर त्यातील द्रव्ये पचन अडवितात, अति भाजले तर लायसीन जाते.

मग खरे माप कोणाचे घ्यावे? कोंबडीचेच. उष्मांकांच्या बाबतीत हे सहज पटेल. जाळून पाहिली तर सरकीची ढेप मक्याहून कमी उष्णता देत नाही. पण त्यात टरफलाचा चोथा मोठा, आणि चोथा कोंबडीला पचत नाही. कॅनडातील सिबाल्ड यांनी १९७६ च्या सुमारास एक सुटसुटीत रीत मांडली. कोंबड्याला उपाशी ठेवून तोलून-मापून घास भरवावयाचा, दोन दिवसांची विष्ठा गोळा करून जाळावयाची, आणि खाल्लेल्या उष्णतेतून ती वजा करावयाची. उपाशी कोंबडाही थोडी विष्ठा टाकतोच, म्हणून दुसऱ्या उपाशी कोंबड्याची विष्ठा मोजून तेवढी सूट द्यावयाची. पक्ष्याचे मूत्र व विष्ठा एकत्रच पडते, ही येथे मोठी सोय. या मापाने मका किलोला ३३०० उष्मांकांच्या आसपास भरतो. सालासकटची ढेप त्याच्या बरीच खाली.

आमच्या बाजरीचा येथे विसर पडू नये. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरीवर संशोधन चालते ते अर्थात माणसांच्या भाकरीसाठी. पण तिच्यात प्रथिन मक्याहून अधिक, लायसीनही बरे. उणे एकच, मक्याचा पिवळा रंग तिच्यात नाही. बलक फिका पडतो. पोषणात त्याने फरक पडत नाही, पण गिऱ्हाईक डोळ्यांनी खाते.

शेवटी बुरशीचे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पिले मेली. कारण निघाले ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील अफ्लाटॉक्सिन. त्या पेंडीचे प्रथिन मोजले असते तर आकडा उत्तमच आला असता. हे विष सगळ्या पोत्यांत सारखे नसते, ओल लागलेल्या कोपऱ्यात असते. म्हणून नमुना वरच्या पोत्यातून मूठभर न घेता अनेक पोत्यांतून, तळापर्यंत बंबी खुपसून घ्यावा, एकत्र कालवावा, आणि प्रथिनाबरोबर या विषाचीही तपासणी मागावी.