उच्च शिक्षणातील नवी साधने आणि सेवेतील प्राथमिक शिक्षक

खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांस विद्या प्राप्त झाली ती विवाहानंतर पुण्यास गेल्यावर. जोतीरावांनी त्यांस शिकविले, व पुढे अध्यापनकार्याचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतले. विद्येकरिता गुरूच्या गावी जावयाचे, हा प्रघात त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षे टिकून राहिला. आज त्याच तालुक्यातील एखाद्या वस्तीशाळेवर काम करणारा शिक्षक दिवसाचे काम आटोपून रात्री आपल्या मोबाईलवर विद्यापीठाच्या प्राध्यापकाचा पाठ ऐकू शकतो. अंतर उरले नाही, असे वरवर पाहता वाटते.

परंतु ह्या सोयीची दुसरी बाजू प्रथमच ध्यानी घेतलेली बरी. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन तज्ज्ञांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील एक अभ्यासक्रम इंटरनेटवरून सर्वांस विनामूल्य खुला केला. सुमारे १,६०,००० लोकांनी नावे नोंदविली. शेवटपर्यंत पोहोचले ते सुमारे २३,०००. पुढे निघालेल्या बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रमांची कथा याहून फारशी निराळी नाही. आपल्याकडील शिक्षकांसही हा अनुभव अपरिचित नसावा. पहिल्या आठवड्यात उत्साहाने पाठ पाहिले जातात, तिसऱ्या आठवड्यात जनगणनेचे अथवा निवडणुकीचे काम येते, आणि पाचव्या आठवड्यात अभ्यासक्रमाची आठवणही राहत नाही. याचा दोष सर्वस्वी शिकणाऱ्याच्या आळसास देणे सोपे आहे; ते न्याय्य मात्र नव्हे. अध्यापन ही जाणे-येणे असलेली क्रिया आहे. शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे पाठ जातो, आणि विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे उत्तर येते. ते उत्तर चुकले तर शिक्षक पाठ फिरवितो. वर्गात ही देवघेव इतकी सहज चालते की तिची वेगळी जाणीव राहत नाही. यंत्राने पाठ पोहोचविण्याचा भाग फार लवकर साध्य केला. उत्तर परत आणण्याचा भाग मात्र मागे राहिला.

दूरशिक्षणाचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आपल्या देशात पत्रद्वारा पदवीशिक्षणाचा आरंभ दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली केला. इंग्लंडमधील मुक्त विद्यापीठाची सनद १९६९ सालची. १९७१ च्या जानेवारीत तेथे पहिल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण सुरू झाले. बीबीसीवरून दाखविल्या जाणाऱ्या त्याच्या पाठांमुळे ते विद्यापीठ जगप्रसिद्ध झाले, आणि दूरचित्रवाणीनेच हा चमत्कार केला असा अनेकांचा समज झाला. वास्तविक त्या विद्यापीठाचा कणा होता तो टपालाने जाणाऱ्या-येणाऱ्या स्वाध्यायांचा. विद्यार्थ्याने लिहिलेले उत्तर त्याच्याकरिता नेमलेला मार्गदर्शक वाचीत असे, समासात विस्ताराने शेरे लिहीत असे, आणि ते परत पाठवीत असे. दूरचित्रवाणीवरील ते पाठ २००६ साली बंद झाले. विद्यापीठ चालूच आहे.

महाराष्ट्रात नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ज्यांचे नाव ह्या विद्यापीठास दिले त्या यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्रे येथला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. जिल्हा परिषदा १९६२ साली त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात अस्तित्वात आल्या, हेही येथे सहज आठवते. ह्या विद्यापीठाच्या पदव्या व सेवेतील शिक्षकांकरिता असलेली बी.एड. ही पदवी घेतलेले शिक्षक महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. त्यांस विचारले असता ते अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रांविषयी बोलतात, समंत्रकांविषयी बोलतात, आणि एस.टी.ने केलेल्या प्रवासाविषयी तर हमखास बोलतात. पुस्तकाविषयी क्वचितच कोणी बोलतो. पुस्तक पाठ पोहोचवीत होते. उत्तर परत नेण्याची वाट अभ्यासकेंद्रावरून जात होती.

याउलट, १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट-१ बी ह्या उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकरिता कार्यक्रम सुरू केले. त्यांतील काही पुणे विद्यापीठाच्या माध्यम केंद्रात तयार होत. चित्रे सुरेख असत, माहिती नवी असे. परंतु पाहणाऱ्यास शंका आली तर ती दूरदर्शनसंचास विचारता येत नव्हती. ही उणीव भरून काढण्याकरिता २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणाकरिता बांधलेला एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. त्यावरील काही केंद्रांतून विद्यार्थ्यास प्रश्न विचारण्याची सोय होती. मात्र त्याकरिता केंद्रावर जावे लागे, व तेथील यंत्रणा चालू स्थितीत असावी लागे.

यानंतर इंटरनेट आले आणि प्रत्येकाच्या हातातील मोबाईल हेच केंद्र बनले. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे महाविद्यालये बंद झाली, तेव्हा सर्व प्राध्यापकांस एकाएकी ह्या साधनाचा आश्रय करावा लागला. त्या वेळी बहुतेकांनी वर्गातील तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे पडद्यावर आणले. विद्यार्थ्यांचे कॅमेरे बंद, आवाज बंद. समोर नावांची नुसती यादी. फळ्याकडून वळून वर्गाकडे पाहताच कोणास समजले नाही हे ओळखणारा अनुभवी प्राध्यापकही तेथे आंधळा झाला. ही फजिती साधनाची नव्हती. नव्या साधनास जुन्या तासाच्या चौकटीत बसविण्याचा तो प्रयत्न होता.

मग साधनांचा उपयोग करावा कसा? याविषयी आता बरेच ज्ञान उपलब्ध आहे, व त्यातील पुष्कळसे आपल्या प्राथमिक शाळेतील अनुभवाशी जुळते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एडेक्स ह्या संस्थेच्या अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहण्याचे ६९ लाख प्रसंग तपासण्यात आले. चित्रफीत कितीही लांब असली तरी सर्वसाधारण विद्यार्थी सुमारे ६ मिनिटांपलीकडे ती सलग पाहत नाही, असे दिसून आले. मुंबईच्या आय.आय.टी.ने चालविलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या उपक्रमातील पाठ साधारण दहा मिनिटांचे असतात. त्यांतील बरेच पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात. त्यांची रीत अशी की पडद्याच्या एका भागात पाठ चालू ठेवावयाचा, दुसऱ्या भागात शिकणाऱ्याने तीच कृती स्वतः करावयाची, आणि अडले की पाठ थांबवावयाचा. पाटीवर अक्षर गिरविणाऱ्या मुलाची रीत याहून वेगळी नाही.

स्वतः उत्तर आठवून देण्याचे महत्त्व किती, हे रोडिगर व कार्पिकी ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात दाखवून दिले. एका गटाने उतारा वाचून पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून पुस्तक मिटले व आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचणाऱ्यांस ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांस ५६ टक्के मजकूर स्मरत होता. रात्री एकामागून एक पाठ पाहत जाणाऱ्यास आपण पुष्कळ शिकलो असे का वाटते, आणि पुढल्या आठवड्यात ते हाती का लागत नाही, याचा उलगडा ह्या आकड्यांत आहे. म्हणून चांगल्या ऑनलाइन अभ्यासक्रमात पाठाच्या मध्येच प्रश्न येतो व त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा प्रश्न त्रासदायक वाटतो, परंतु पाठाचा खरा उपयोग त्याच ठिकाणी होतो.

चुकीच्या उत्तरांचाही असाच उपयोग आहे. एकाच प्रश्नास दोनशे विद्यार्थ्यांपैकी शंभरांनी एकच चूक केली, तर ती विद्यार्थ्यांची चूक नसून पाठातील खाच असते. पूर्वी प्राध्यापकास हे वर्षअखेरीस उत्तरपत्रिकांत दिसे. आता त्याच रात्री दिसू शकते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात ही युक्ती अवलंबिली. प्रश्न विचारावयाचा, प्रत्येकाने आपले उत्तर नोंदवावयाचे, मग शेजाऱ्याशी वाद घालावयाचा, आणि पुन्हा उत्तर नोंदवावयाचे. त्याकरिता पुढे हातात धरावयाची छोटी यंत्रे निघाली. रंगीत पुठ्ठ्याचे चार तुकडे हेच काम करतात, हे प्राथमिक शिक्षकास वेगळे सांगावयास नको.

खर्चाचा विचारही करावा लागतो. मध्यम प्रतीची एक तासाची चित्रफीत सुमारे २२५ एमबी डेटा घेते. तेच व्याख्यान केवळ आवाजाच्या रूपात असेल तर सुमारे २९ एमबीत भागते. ज्या वस्तीवर नेटवर्क अर्धवट मिळते तेथे आवाज व छापील टिपण हीच जोडी उपयोगी पडते. अभ्यासक्रम रचणाऱ्यांनी ही सोय ठेवावी, अशी मागणी विद्यार्थ्याने निःसंकोच करावी.

सर्वच विषय पडद्यावर शिकविता येतात असे मात्र समजू नये. खंडाळा तालुक्यातच शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असून तिच्यात प्रत्यक्ष कामाचे एक वर्ष मोडते. गाईच्या शरीररचनेचे चित्र पडद्यावर फिरवून दाखविता येईल, परंतु अडलेल्या गाईस हात कसा लावावा हे गोठ्यातच शिकावे लागते. अशा ठिकाणी चित्रफितीचे काम पूर्वतयारीचे: विद्यार्थी पाहून आला म्हणजे प्राध्यापकाचा वेळ व जनावराचे हाल दोन्ही वाचतात. बी.एड.मधील सराव पाठांनाही हेच लागू पडते.

भारत सरकारच्या ‘स्वयम्’ ह्या व्यवस्थेचा आरंभ ९ जुलै २०१७ रोजी झाला. तीत चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन व चर्चा असे चार भाग योजिले आहेत. शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेकरिता वेगळी नोंदणी व शुल्क लागते, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार विद्यापीठाने मान्यता दिल्यास एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ह्या मार्गाने पुरे करता येतात. बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, ही मराठी शिक्षकास मोठी अडचण होय. त्यांपैकी आय.आय.टी. व बंगलोरची विज्ञान संस्था यांनी चालविलेल्या एनपीटेलच्या अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांस २५ व अंतिम परीक्षेस ७५ गुण असतात. स्वाध्यायांत किमान १० व परीक्षेत किमान ३० गुण मिळाल्याखेरीज प्रमाणपत्र मिळत नाही. केवळ पाठ पाहून परीक्षेस बसू म्हणणाऱ्याची शेवटी निराशा होते ती ह्याच ठिकाणी.

एकट्याने हे सर्व निभावणे कठीण जाते. एका केंद्रातील तीन-चार शिक्षकांनी एकच अभ्यासक्रम निवडला, तर शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तासभर केंद्रशाळेत एकत्र बसता येईल. त्या तासात चित्रफीत लावू नये. ती प्रत्येकाने आधी पाहून यावी. पुस्तके व मोबाईल मिटून प्रत्येकाने आठवड्याचा पाठ आठवेल तेवढा लिहावा, मग लिहिलेले एकमेकांस दाखवावे. जेथे चौघांची उत्तरे चार प्रकारची निघतील तेथे प्रश्न नेमका लिहून काढावा आणि तो अभ्यासक्रमाच्या चर्चाविभागात पाठवावा. स्वाध्यायाची उत्तरे मात्र ज्याची त्याने द्यावी. आलेले उत्तर पुढल्या शनिवारी प्रथम वाचावे, व मगच नव्या पाठाकडे वळावे.