कोमांचे सरदार, जन्म बर्लिनचा

दिग्दर्शक जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’ (१९५६) या वेस्टर्न सिनेमात कोमांचे या मूळ अमेरिकी जमातीच्या सरदाराचा, स्कारचा चेहरा जवळून पाहा. डोळे निळे आहेत! हा नट हेन्री ब्रँडन, जन्म बर्लिनचा. त्याच्यामागे घोड्यांवर बसलेले कोमांचे योद्धे मात्र चित्रीकरण झालं त्या मॉन्युमेंट व्हॅली परिसरातले नावाहो जमातीचे. आपल्याच भूमीवर दुसऱ्या जमातीचे म्हणून उभे राहिलेले. गर्दीला खरे आदिवासी, संवादाला गोरा नट, हा हॉलिवूडचा तेव्हाचा शिरस्ताच.

कृष्णवर्णीयांची कथाही फार वेगळी नव्हती. १९६० साली फोर्डनेच ‘सार्जंट रटलेज’मध्ये कृष्णवर्णीय वुडी स्ट्रोडला घोडदळातला सार्जंट केलं. सिनेमाला नाव त्याच्या पात्राचं, पण श्रेयनामावलीत आधी नाव गोऱ्या जेफ्री हंटरचं. हे आजही सलतं. कारण ज्या जुन्या अमेरिकी पश्चिमेवर हे सिनेमे बेतलेले, तिथे इतिहासकारांच्या अंदाजानुसार प्रत्यक्षात दर चार काउबॉयमागे एक कृष्णवर्णीय होता.