रक्तगटाच्या पुढची तपासणी

रक्ताचा आजार म्हटलं की आपण पेशी मोजतो: हिमोग्लोबिन किती, प्लेटलेट्स किती. पण पेशी कमी का झाल्या, याचं उत्तर पुष्कळदा सीरममधल्या अँटिबॉडींकडे असतं. मुंबईतल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक नवाच रक्तगट नोंदवला. त्या रुग्णांचं रक्त नेहमीच्या चाचणीत ओ गटाचं दिसायचं, पण ओ गटाच्या पेशींवर असणारा एच घटकही त्यांच्याकडे नव्हता आणि सीरममध्ये त्याच घटकाविरुद्ध अँटिबॉडी होत्या. साधं ओ रक्त चढवलं, तर त्या ते फोडून टाकणार. आज हा ‘बॉम्बे’ गट म्हणून जगभर ओळखला जातो.

अँटिबॉडी कधी स्वतःच्याच लाल पेशींवर चिकटतात. रुग्ण फिकट पडतो आणि पांडुरोग समजून त्याला लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. इथे दोष लोहाचा नसतो, म्हणून नुसत्या गोळ्यांनी भागत नाही; शरीराचा हल्ला आवरायला स्टेरॉइड लागतात. हा फरक कळतो तो १९४५पासून वापरात असलेल्या कूम्ब्स चाचणीने. रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या याच शास्त्राच्या महागड्या टोकाला आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने घडवलेली, २०२३मध्ये मान्यता मिळालेली, रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती आहे. तिचं मोल मोठंच, पण निफाड तालुक्यातल्या विंचूरसारख्या गावाला आधी हवं ते स्वस्त टोक, म्हणजे अँटिबॉडीची चाचणी.

कुणी म्हणेल, बॉम्बे गट भारतात साधारण दहा हजारांत एकाचा. त्यासाठी निफाड तालुक्यात खटाटोप कशाला? शिवाय रक्त देण्यापूर्वीच्या क्रॉसमॅचमध्ये चूक सापडतेच. सापडते खरी, पण तेव्हा रुग्ण टेबलावर असतो आणि जुळणारा दाता कुठेतरी दूर. आणि प्रश्न एवढ्या दुर्मीळ गटापुरता नाही. आरएच निगेटिव्ह गर्भवतीला अप्रत्यक्ष कूम्ब्स चाचणी आणि वेळेवर अँटी-डी इंजेक्शन मिळालं, तर पुढच्या बाळाच्या पेशी वाचतात. वारंवार रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांतही अशा अँटिबॉडी तयार होतात. विंचूरमध्ये मोठी प्रयोगशाळा उभारायची गरजच नाही. नमुना नाशिकला जाऊ शकतो, गुंतागुंतीचा असेल तर परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत, जिची सुरुवात १९५७मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाली. आणि अहवालातलं अँटिबॉडीचं नाव रुग्णाच्या कार्डावर लिहिलेलं असावं, पुढच्या वेळी रक्त मागवणाऱ्या डॉक्टरांना ते पहिल्याच नजरेत दिसेल असं.