नाहूरच्या खिडकीतला डोंगर

पुतण्याची खोली नाहूरला, तिसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली की घरांच्या पलीकडे एक लांबलचक डोंगर दिसतो. २०२५ च्या फेब्रुवारीत नातवाच्या बारशासाठी आमचे दादा आणि वहिनी माण तालुक्यातून तिथे आले होते. मीही बरोबर होतो. शहरात जीव रमेना म्हणून दादा दिवसभर त्या खिडकीशी बसायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला विचारले, "त्या डोंगरावर कोण राहतं रे?"

"बिबटे राहतात," पुतण्या म्हणाला. "आणि दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू राहायचे."

"आणि प्यायला पाणी?"

मुंबईत येऊन डोंगराबद्दल हा प्रश्न आमच्या माणचाच माणूस विचारणार! पुतण्याला उत्तर देता आले नाही. मग रविवारी जाऊनच बघायचे ठरले.

डोंगर दिसतो डोळ्यांसमोर, पण वाट मोठी फेऱ्याची. नाहूरपासून कान्हेरीची लेणी सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर असतील. मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे आणि पाहुण्यांचा मुख्य दरवाजा पलीकडे बोरिवलीला. म्हणून धीम्या लोकलने दादर, तिथे गाडी बदलून बोरिवली, असा सगळा वळसा. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी ह्याच डोंगराच्या पोटातून ४.७ किलोमीटरचे जोडबोगदे काढायचे आहेत. २०२४ च्या जुलैत त्यांचे भूमिपूजन झाले. "बिबट्याला आधी सांगितलंय का?" असे वहिनींनी विचारले, त्यावर डब्यातली अनोळखी माणसेही हसली.

उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत एवढे जंगल शिल्लक आहे, ह्याचे नवल वाटते. २०१५ साली जंगलात कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे आढळले होते. आम्हाला त्यांतला एकही दिसला नाही. वानरे मात्र पुष्कळ भेटली.

दरवाजापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरची डांबरी सडक आहे. बस मिळते, पण दादा म्हणाले, "चालायला आलोय, बसायला नाही." मग पायीच निघालो. फेब्रुवारी म्हणजे पानगळीचे दिवस. दहिसर नदीचे पात्र बहुतेक कोरडे, नुसते गोटे. सावर लाल फुलांनी भरलेली, पानाचा पत्ता नाही. पांगाराही तसाच. कांडोळाची पांढरीफटक खोडे उन्हात अशी उभी, की वहिनी क्षणभर दचकल्याच. पावसाळ्यात हिरवेगार असणारे रान उन्हाळ्याच्या तोंडाशी किती उघडे पडते, ते इथे दिसते.

उतारावर कारवीच्या वाळक्या काड्या होत्या. वहिनींचे माहेर पाटणकडचे, त्यांनी लांबूनच ओळखल्या. माहेरच्या घराचा कूड कारवीचाच होता म्हणे, वरून शेणामातीचा गिलावा. ह्या भागातली कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ साली फुलली होती, त्यानंतर २०२४ च्या पावसाळ्याअखेर फुलली. एकदा फुलली की बी धरायचे आणि वाळून जायचे. आम्ही पाहिल्या त्या काड्या त्याच फुलोऱ्याच्या. आता नव्या रोपांचा बहार पाहायचा तर २०३२ साल उजाडावे लागेल. दादांनी बोटांवर वर्षे मोजली आणि "तेव्हा नातू शाळेत असेल" एवढेच म्हणाले.

लेण्यांच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढून पायऱ्या चढलो. ह्या डोंगराचे जुने नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. त्यावरून कान्हेरी. मधे खोल घळ, तिच्यातून पावसाळी ओढा, आणि दोन्ही अंगांना कातळात कोरलेली शंभरावर लेणी. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास काम सुरू झाले आणि हजार वर्षे इथे वस्ती नांदली. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्य सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातले. बाहेरच्या पडवीत दोन बाजूंना बुद्धाच्या दोन उंच मूर्ती आहेत. सगळी मंडळी त्या बघायला गर्दी करतात. त्या आहेतच तशा.

दादा मात्र चैत्यातून लवकर बाहेर पडले. ते दिसेनात म्हणून शोधत गेलो, तर एका लहान लेण्याच्या अंगणात उकिडवे बसून कातळातल्या चौकोनी भोकात डोकावत होते. आत पाणी होते. फेब्रुवारीत, उघड्या कातळावर, जिथे खालचा ओढा कोरडा पडला होता!

"इकडं ये," ते म्हणाले, "ह्यांनी काय केलंय बघ."

त्या टाक्याने आमचा पुढचा सगळा दिवस खाल्ला. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी असे टाके आहे. लेण्यांतल्या शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हणतात. रचना अशी की, लेण्याच्या वरच्या कातळावर पडणारा पाऊस वाया जाऊ द्यायचा नाही. त्याला कोरीव पन्हळी काढून वाट द्यायची आणि अंगणाच्या कडेच्या टाक्यात उतरवायचे. टाक्याचे तोंड लहान, पोट मोठे. पोट कातळाखाली सरकलेले, म्हणून पाण्यावर ऊन पडत नाही. बुडाला काळा पाषाण, म्हणून झिरप कमी. दादांनी आठवण करून दिली, की आमच्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद घातला, झिरप थांबली. पण वरचे तोंड आभाळाएवढे उघडे, त्यामुळे चैत्र-वैशाखात पाणी डोळ्यांदेखत उडून जाते. "आपण बूड झाकलं, तोंड उघडं ठेवलं," ते म्हणाले.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर. तरीही ह्या डोंगरावर पाण्याची सोय केली नसती, तर पाऊस संपल्यावर दोन-चार महिन्यांत भिक्षूंना खाली उतरावे लागले असते. कातळ पाणी धरून ठेवत नाही. चार महिने धो धो कोसळते आणि वाहून समुद्राला मिळते. म्हणून दार तिथे टाके. साऱ्या वस्तीची भिस्त एकाच मोठ्या तळ्यावर ठेवलेली नव्हती. प्रत्येक बिऱ्हाडाचा पाऊस प्रत्येकाच्या अंगणात. ही गोष्ट मला लेण्यांतल्या साऱ्या मूर्तींपेक्षा मोलाची वाटली. मूर्तिकारांनी राग मानू नये.

ही कामे राजांनीच केली असे नाही. कान्हेरीत शंभराच्या आसपास शिलालेख आहेत आणि त्यांत कल्याण-सोपाऱ्याकडचे व्यापारी, कारागीर, भिक्षुणी, घरच्या बायाबापड्या ह्यांची नावे आहेत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. कोणी शेत दान दिले, त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंना पावसाळ्यात वस्त्र मिळावे म्हणून. मंगलठाण गावच्या शेताचा उल्लेख आढळतो. ते म्हणजे आजच्या बोरिवलीजवळचे मागाठाणे. जिथे आज इमारतींची दाटी आहे तिथे औत चालत होते आणि त्या धान्यावर डोंगरावरच्या कोणाचे तरी अंग झाकत होते, हे ऐकून दादा बराच वेळ खाली बोरिवलीकडे बघत राहिले.

जेवायला एका लेण्याच्या ओट्यावर बसलो. वहिनींनी भाकरी-पिठल्याचे गाठोडे सोडले आणि पाण्याची बाटली घ्यायला वळल्या, तेवढ्यात एका माकडाने वरची भाकरी पळवली. ओरडून उपयोग नाही. जाणारांनी एवढे ध्यानात ठेवावे: खाणे पिशवीत बंद ठेवा, माकडांना मुद्दाम घालू नका, पिण्याचे पाणी बरोबर न्या, आणि सोमवारी जाऊ नका, दरवाजा बंद असतो. जंगलातल्या आडवाटांना वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि वाटाड्याशिवाय शिरू नये.

दुपारी वरच्या माथ्यापर्यंत चढलो. वाट म्हणजे कातळात खोदलेल्या पायऱ्या, कित्येक ठिकाणी झिजलेल्या. वरून तुळशी आणि विहार तलावांचे पाणी चकाकत होते, पलीकडे धुरकट शहर. विहार १८६० साली बांधून झाला आणि मुंबईला नळाचे पाणी पहिल्यांदा मिळाले. तुळशी १८७९ चा. आज ह्या दोन्हींचे मिळून शहराच्या गरजेच्या जेमतेम तीन टक्के पाणी होते. बाकीचे लांबून, तानसा, वैतरणा, भातसा इथून येते. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. पुतण्याने सांगितले, की त्या लांबच्या पाण्याची गाळणी नाहूरच्या शेजारीच, भांडुपच्या संकुलात आहे. त्यावर दादा काही बोलले नाहीत. आमच्याही वस्तीला मार्चपासून टँकर असतो, आणि त्याची वाट बघत हंडे घेऊन उभे राहायचे काम वहिनींचे. त्या म्हणाल्या, "भिक्षूंच्या दारात टाकं होतं. माझ्या दारात काय आहे?"

उत्तर द्यायला आम्हा दोघांपैकी कोणाचीही जीभ उचलेना.

रात्री नाहूरला परत आल्यावर पाय दुखत होते, तरी दादांनी नातवाच्या बारशाच्या यादीचा कागद उलटा करून पेन्सिल मागितली. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हा हिशोब मी सांगितला. घराचे पत्रे तीस फूट बाय वीस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ४५० मिलिमीटर धरला, तर पंचवीस हजार लिटर. पहिल्या पावसाचे घाणीचे पाणी सोडून द्यायचे, थोडे सांडणार, म्हणून पाचवा हिस्सा वजा. उरले वीस हजार. घरात पाच माणसे, पिण्याला आणि स्वयंपाकाला रोजचे माणशी वीस लिटर, तर फेब्रुवारी ते मे असे एकशेवीस दिवस बारा हजारांत भागतात.

"म्हणजे उरतंय," दादा म्हणाले.

"गोठ्याचे पत्रे धरलेच नाहीत तुम्ही," वहिनी आतून म्हणाल्या. "आणि टाकं बांधाल तर तोंड लहान ठेवा. आणि झाकण लोखंडी नको, मला उचलायचंय ते."

दादांनी कागदावर चौकोन काढला, मग तो खोडून लहान केला.